तारखेला बांधलेली लेखणी

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी रोजनिशी आणावयाची, पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात संकल्प लिहावयाचा, आठ-दहा दिवस नेमाने पाने भरावयाची आणि संक्रांतीचा तिळगूळ संपता संपता ती रोजनिशी दूधवाल्याच्या नि वाण्याच्या हिशेबासाठी स्वयंपाकघरात जावयाची, हा क्रम आपल्या मध्यमवर्गीय घरांत इतका रुळलेला आहे की त्याचे कोणास नवल वाटत नाही. लिहिण्याची हौस आपल्याकडे कमी नाही. शाळेच्या वार्षिकात, कचेरीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत किंवा गावच्या एखाद्या दिवाळी अंकात ज्याचे नाव एकदाही छापून आलेले नाही असा शिक्षक वा कारकून सापडणे अवघड. आता तर आपले लिखाण चार लोकांपुढे ठेवावयास ना संपादकाची संमती लागते, ना छापखान्याचे बिल भरावे लागते. असे असूनही लिहिते राहणारे थोडे आणि लिहिता लिहिता थांबलेले अगणित, असे का व्हावे?

या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले ते एका वहीने. ती वही ज्यांची होती ते गृहस्थ आमचे शेजारी. १९७२ च्या दुष्काळात, वयाची बाविशी गाठण्यापूर्वीच, मराठवाड्यातील एका दुष्काळी कामावर हजेरीपट लिहिणारे कारकून म्हणून ते लागले. पुढे नोकरीत कायम झाले, बदल्या होत होत आमच्या गावी आले आणि येथेच निवृत्त झाले. संध्याकाळी ओट्यावर बसले की त्यांच्या बोलण्यात ते दिवस येत. हजेरीपटावर नाव घालताना बाया नवऱ्याचे नाव उच्चारीत नसत; मग शेजारी उभ्या असलेल्या बाईला विचारावयाचे, तिने ते सांगावयाचे आणि तिची पाळी आली की पहिलीने तिच्या नवऱ्याचे सांगावयाचे. दिवसभर खडी फोडून बोटांची कातडी झिजलेली असे, त्यामुळे पगारवाटपाच्या दिवशी अंगठ्याचा ठसा नीट उमटत नसे. बाभळीच्या तोकड्या सावलीत धडुत्याच्या झोळ्या टांगलेल्या असत आणि सावली सरकेल तसतशा त्या झोळ्या हलवाव्या लागत. असे कितीतरी.

१९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. १९७७ साली ज्या रोजगार हमीचा कायदा झाला, तिची पाळेमुळे त्याच काळात आहेत. त्या दुष्काळावर अहवाल आहेत, प्रबंध आहेत, आकड्यांची तर मोजदाद नाही. परंतु अंगठ्याचा ठसा का उमटत नाही हे अहवालात नसते. ते ज्याने शाईची पेटी पुढे धरली त्यालाच ठाऊक असते.

निवृत्तीनंतर ते एके दिवशी मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, “सर, हे सगळं लिहून काढावं म्हणतो. सुरुवात कशी करू?” मी शिक्षक, शिवाय माझे चार लेख छापून आलेले; सल्ला देण्याची संधी मी कशी सोडणार? मी म्हटले, “आधी सगळ्या आठवणींची टिपणे करा. त्या दुष्काळावर जे छापलेले आहे ते वाचून घ्या. मग प्रकरणांचा आराखडा करा आणि सवडीने, निवांत लिहावयास बसा.” त्यांनी मान डोलावली. पुढे मी अधूनमधून विचारी, “कुठवर आलं?” ते म्हणत, “तयारी चालू आहे.” अशी काही वर्षे गेली आणि एका पावसाळ्यात ते अल्पशा आजाराने वारले.

त्यांच्या मुलाने नंतर ती वही मला आणून दिली. दोनशे पानी, बांधीव. पहिल्या पानावर लाल शाईने चौकट आखून ग्रंथाचे नाव. दुसऱ्यावर अर्पणपत्रिका. पुढील दोन पानांवर चौदा प्रकरणांची अनुक्रमणिका. त्यानंतर पहिले प्रकरण, दीड पानाचे. उरलेली वही कोरी. माझा सल्ला त्यांनी तंतोतंत पाळला होता.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करतो आहे आणि ज्यांनी आयुष्यभर नेमाने लिहिले त्यांनी ते नेमके कसे साधले, हे त्या दृष्टीने पुन्हा वाचतो आहे. मला जे दिसले ते असे की ही माणसे सवडीची वाट पाहत नव्हती. त्यांच्या लेखणीला तारीख बांधलेली होती.

मालाकार आणि त्यांचे गुरू

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे उदाहरण घरचेच आहे. १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाले’चा पहिला अंक निघाला तेव्हा शास्त्रीबुवांना चोविसावे वर्ष चालू होते आणि ते सरकारी शाळेत मास्तर होते. मासिक एकट्याच्या बळावर चालवावयाचे, दुसऱ्याचा लेख उसना घ्यावयाचा नाही, असा तो उपक्रम. पुढे रत्नागिरीस बदली झाली, १८७९ त नोकरी सोडली, लगोलग न्यू इंग्लिश स्कूलची आणि ‘केसरी’, ‘मराठा’ या पत्रांची उभारणी अंगावर आली. पण मालेचे चौऱ्याऐंशी अंक पुरे झाले. १८८२ च्या मार्चमध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांची सर्व मते आज पटतील असे नाही. जोतीराव फुल्यांवरील त्यांची टीका तर सरळ अन्यायाची होती. पण मराठी गद्याला जो डौल त्यांनी दिला, तो एखाद्या महाग्रंथाच्या योगे दिलेला नाही. महिन्याच्या महिन्याला अंक काढावयाचा या जबाबदारीतून तो घडत गेला. चौऱ्याऐंशी अंकांचा आराखडा आधी आखून ते बसले असते, तर आपल्या हाती बहुधा एक उत्तम अनुक्रमणिका आली असती.

शास्त्रीबुवांचे आवडते ग्रंथकार डॉक्टर जॉन्सन. त्यांच्यावर मालेत त्यांनी विस्ताराने लिहिले आणि वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभिलेले ‘रासेलस’चे भाषांतर पुरे केले. या जॉन्सनने लंडनमध्ये २० मार्च १७५० पासून १४ मार्च १७५२ पर्यंत दर मंगळवारी आणि शनिवारी ‘रॅम्बलर’ नावाचे निबंधपत्र काढले. एकूण अंक दोनशे आठ. त्यांतील चार-पाच सोडले तर सर्व त्याने एकट्याने लिहिले. त्याच काळात त्याच्या प्रचंड इंग्रजी शब्दकोशाचे काम चालू होते. पत्नी आजारी होती. शेवटचा अंक निघाल्यावर तीनच दिवसांनी ती वारली. पुष्कळसे निबंध छापखान्याचा माणूस दारात उभा असताना लिहिलेले, काही तर पुन्हा न वाचता तसेच छापावयास दिलेले. शेवटच्या अंकात त्याने ठरलेल्या दिवशी लिहिण्याची शिक्षा पत्करलेल्या माणसाचे हाल सांगितले आहेत: कधी मन विचलित, कधी शरीर थकलेले, कधी विषय सापडत नाही, सापडला तर त्याला आकार देण्याइतका वेळ उरत नाही. हे सर्व खरे आहे. परंतु ही तक्रार दोनशे आठवा अंक लिहिताना केलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

तारखेचे सामर्थ्य सर्वांत स्पष्ट दिसते ते गांधीजींच्या आत्मकथेच्या जन्मकथेत, आणि ती त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत सांगितली आहे. निकटच्या सहकाऱ्यांच्या आग्रहावरून ते आत्मकथा लिहावयास बसले. पहिले पान उलटते न उलटते तोच मुंबईत दंगल उसळली आणि काम तेथेच थांबले. पुढे येरवड्याच्या तुरुंगात सवड मिळाली. तेथे एका सहबंद्याने, बाकी सर्व बाजूस ठेवून आत्मकथा पुरी करा, असे सुचविले. पण गांधीजींनी अभ्यासाचा क्रम आधीच ठरविला होता आणि तो संपल्यावाचून दुसरे काही हाती घेणे त्यांना पटेना. मुदतीपूर्वीच सुटका झाल्याने तेही राहिले. मग स्वामी आनंदांनी पुन्हा मागणी केली. स्वतंत्र ग्रंथ लिहावयास वेळ नव्हताच. मात्र ‘नवजीवन’साठी दर आठवड्याला काही ना काही लिहावेच लागत होते, मग ते आत्मकथाच का नसावे? स्वामींना हे मान्य झाले आणि १९२५ च्या नोव्हेंबरपासून १९२९ च्या फेब्रुवारीपर्यंत ‘सत्याचे प्रयोग’ प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध होत गेले.

येथे गांधीजींसारख्या काटेकोर माणसाचीही गत आमच्या शेजाऱ्यांसारखीच झालेली दिसते: आधी अभ्यास पुरा होऊ दे, मग लिहू. फरक एवढाच की त्यांच्या दाराशी ‘नवजीवन’चा अंक उभा होता आणि शेजाऱ्यांच्या दाराशी कोणी नव्हते. खरे पाहता ते काम माझे होते. “कुठवर आलं?” हा प्रश्न मोघम आहे. “शनिवारी एक पान घेऊन या, मी वाचतो,” असे मी म्हणावयास हवे होते.

टपाल खात्यातील कादंबरीकार

तारीख ठरली तरी दुसरा प्रश्न मापाचा. या बाबतीत नोकरदार माणसाने अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचे आत्मचरित्र अवश्य वाचावे. हा गृहस्थ तेहेतीस वर्षे टपाल खात्यात होता. चॅनल बेटांवर १८५२ साली रस्त्याच्या कडेला टपालपेट्या उभ्या करण्याची सूचना त्याचीच. नोकरी सांभाळून, आणि पुढे ती सोडल्यावर, त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला तो लिहावयाच्या मेजाशी बसे. त्या वेळी उठवून कॉफी आणून देण्याबद्दल एका जुन्या नोकरास तो वर्षाला पाच पौंड जादा देई, आणि आपल्या यशात या माणसाचा वाटा सर्वांहून मोठा, असे त्याने मोकळ्या मनाने लिहिले आहे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लिखाण वाचण्यात जाई. मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द. आठवड्याची पाने एका वहीत तारीखवार मांडलेली. एखादा दिवस चुकला तर ती रिकामी जागा डोळ्यांत खुपे. फिरतीवर असताना तो आगगाडीच्या डब्यात मांडीवर फळी घेऊन पेन्सिलीने लिही आणि पत्नी त्याची नक्कल करी.

१८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले तेव्हा अनेक रसिकांचा विरस झाला. कला काय अशी हजेरीपटावर मांडावयाची वस्तू आहे? ट्रोलपची प्रतिष्ठा काही काळ उतरली ती बरीचशी या कबुलीमुळे. रसिकांना लेखक उन्मनी अवस्थेत बसलेला हवा असतो. पाटकऱ्यासारखा ठरल्या वेळी फळी सरकवून पाणी सोडणारा लेखक त्यांना रुचत नाही. पण वाफ्याला पाणी मिळाल्याशी कारण.

पाव तासाला अडीचशे शब्द हे माप तुमचे-आमचे नव्हे, हे सांगावयास नकोच. सात तास वर्गात उभे राहून आलेल्या शिक्षकाने किंवा लोकलने दीड तास लोंबकळत आलेल्या कारकुनाने ते माप घेतले तर तो तिसऱ्या दिवशी अंथरूण धरील. माप असे असावे की वाईटातल्या वाईट दिवशीही ते पुरे व्हावे. आठवड्यात एक वार ठरवावा आणि त्या दिवशी एक फुलस्केप पान, एका बाजूने. हे हास्यास्पद वाटेल, परंतु वर्षाची बावन्न पाने होतात. आमच्या शेजाऱ्यांनी निवृत्तीनंतर एवढेच केले असते तर ती दोनशे पानी वही त्यांच्या हयातीत संपून दुसरी आणावी लागली असती.

आदल्या दिवशीचे वाचून मग पुढे लिहिणे, ही ट्रोलपची सवयही उचलण्याजोगी आहे. कोऱ्या पानाची जी धास्ती वाटते ती यामुळे बरीच उणी होते, कारण आपण आरंभ करीत नसून चालू वाक्य पुढे नेत आहोत असे मनास वाटते. याच कारणासाठी लिखाण थांबवावे तेही पुढे काय लिहावयाचे हे ठाऊक असताना. विहीर कोरडी पडेपर्यंत उपसू नये. ग्रंथाचे नाव, अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि अनुक्रमणिका या चार गोष्टी मात्र शेवटासाठी राखून ठेवाव्यात. त्या लिहिल्याने लिहिल्याचे समाधान मिळते, आणि खरा धोका त्या समाधानाचाच आहे.

पाच दिवसांची गोष्ट

यावर कोणी म्हणेल की हा सारा रतीब झाला. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या चार-पाच दिवसांत लिहून काढली. तेथे कोठे होती आठवड्याची तारीख? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गुरुजींच्या चरित्रातच आहे. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक चालवीत असत. मुले उठण्यापूर्वी ते लिहून तयार असावयाचे. १९२८ त त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती जशी बोलली गेली तशी टिपून घेण्याचे काम गुरुजींचे. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून जो ग्रंथ घरोघर आहे, तो त्या अठरा रविवारांच्या टिपणावर उभा आहे. असा रोजचा आणि आठवड्याचा हात ज्याला लागला होता, त्याला आठ महिन्यांनी नाशिकात ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहिता आली. तो वेग सर्वांना दिसतो. अमळनेरच्या पहाटा दिसत नाहीत.

तारखेचे लिखाण उणे-अधिक होते, हे मात्र मान्य केले पाहिजे. ‘रॅम्बलर’चे सर्व अंक सारखे नाहीत, ‘निबंधमाले’तही पाल्हाळ आहे, ट्रोलपच्या सत्तेचाळीसांपैकी आज वाचल्या जातात त्या थोड्याच. नेमाने लिहिणाऱ्याने आपले प्रत्येक पान उत्तम असेल ही अपेक्षा पहिल्याच दिवशी सोडून द्यावी. कोणते पान उत्तम उतरेल हे लिहिण्यापूर्वी कळत नाही, म्हणून तर सगळी लिहावी लागतात.

आता विषयाचा प्रश्न. विद्यार्थ्यांना निबंध लिहावयास सांगितला की ते ‘मानव आणि विज्ञान’ लिहितात, आणि मोठेपणीही आपला ओढा तिकडेच असतो. जगाच्या राजकारणावर आपण लिहितो आणि आपल्या कचेरीतील आवक-जावक नोंदवहीबद्दल लिहीत नाही. गोपाळ हरी देशमुख सरकारी न्यायखात्यात नोकर होते. १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून त्यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने जी एकशे आठ पत्रे लिहिली, ती आपण ‘शतपत्रे’ म्हणून ओळखतो. प्रत्येक पत्र लहान, एका बैठकीत वाचून होणारे, आणि विषय डोळ्यांसमोरचे: विद्येचा अभाव, विवाहाच्या चाली, विधवांची स्थिती, रिकामटेकडेपणा, बुडालेला व्यापार. टोपणनावामुळे नोकरीही सांभाळली गेली. विष्णुशास्त्र्यांनी पुढे मालेत त्यांच्यावर सडकून टीका केली, ती वेगळी गोष्ट. ज्यांचे लिखाण कोणी वाचीत नाही त्यांच्यावर टीका होत नाही.

शिक्षकाने लिहावे ते गळती झालेल्या मुलांच्या घरी गेल्यावर काय दिसले ते. कारकुनाने लिहावे ते एक अर्ज सहा टेबलांवरून कसा जातो आणि कोठे थांबतो ते. विद्यार्थ्याने आपल्या वसतिगृहाची खानावळ लिहावी. वस्तूंची, हत्यारांची, पदार्थांची, वाटांची जी नावे आपल्याला ठाऊक आहेत ती लिहावीत. ज्या वाक्यात नाव नाही, आकडा नाही, गंध किंवा आवाज नाही, असे वाक्य पुन्हा तपासावे; बहुधा ते कोणाच्या तरी भाषणातून आपल्याकडे आलेले असते. आमच्या शेजाऱ्यांच्या त्या दीड पानात दुष्काळाच्या भीषणतेविषयी बारा ओळी होत्या आणि अंगठ्यांविषयी एकही नव्हती. ओट्यावर ते लिहिण्यापेक्षा कितीतरी चांगले बोलत. लिहावयास बसले की त्यांना वाटे, आता साहित्यिक झाले पाहिजे.

यावर उपाय सोपा आहे. ज्याला आपण ते तोंडी सांगितले असते असा एक माणूस समोर आहे असे समजून लिहावे. लोकांना काय आवडेल याचा विचार करू लागले की हात आखडतो. एका माणसाला काय सांगावयाचे आहे हे मात्र आपल्याला पक्के ठाऊक असते.

वाचकांच्या संख्येबद्दलही येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण अनेकांची लेखणी थांबते ती तेथे. पहिल्या चार लेखांना नातेवाईक शाबासकी देतात, पाचव्याला कोणी काही बोलत नाही, सहावा लिहिलाच जात नाही. आज तर किती जणांनी वाचले याचा आकडा हातातल्या यंत्रावर घटकाघटकाला दिसतो, आणि मनुष्य लिहिण्यापेक्षा तो आकडा पाहण्यातच अधिक वेळ घालवितो. ‘रॅम्बलर’च्या एकेका अंकाच्या पाचशे प्रतीही खपत नव्हत्या. त्या काळी लंडनसारख्या शहरात हा खप नगण्यच म्हणावयाचा. पुढे पुस्तकरूपाने त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, पण जॉन्सनला मंगळवारी सकाळी त्याचा काही उपयोग नव्हता. त्याला उपयोग होता तो प्रत्येक अंकामागे ठरलेल्या दोन गिनींचा, आणि छापखान्याच्या माणसाचा. ज्यांना गिनी मिळत नाहीत त्यांनी निदान छापखान्याचा माणूस तरी नेमावा. एक मित्र, एक भाऊ, एखादा जुना विद्यार्थी. ज्याने ठरल्या दिवशी पान मागावयाचे, आणि चांगले की वाईट हे न सांगता फक्त कोठे कळले नाही एवढेच सांगावयाचे. स्तुती करणारा नको. स्तुतीने माणूस पुढचे पान अधिक चांगले करू पाहतो आणि अडतो.

आणि वार चुकला तर? तो चुकणारच. घरी पाहुणे येतात, निवडणुकीचे काम लागते, पेपर तपासावयाचे असतात, मुलाला ताप येतो. अशा वेळी पुढच्या आठवड्यात दोन पाने लिहून भरपाई करण्याचा मोह टाळावा. थकबाकी साठत गेली की माणूस सावकाराचे दार टाळतो तसे वहीचे टाळू लागतो. गेलेला आठवडा गेला म्हणून सोडून द्यावा, वहीत त्या तारखेपुढे रेघ मारावी आणि पुढच्या वारी एकच पान लिहावे.

शेजाऱ्यांच्या मुलाच्या परवानगीने ती वही मी माझ्याकडेच ठेवून घेतली आहे. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक मावशी राहतात. त्याच तालुक्यातील दुसऱ्या एका कामावर, लग्न होऊन वर्षही झाले नसताना, त्यांनी खडी फोडली होती. त्यांना लिहिता येत नाही. गेल्या काही आठवड्यांपासून दर रविवारी सकाळी त्या येतात, चहा घेतात आणि सांगतात. मी त्या वहीत, दीड पानाच्या खाली एक ओळ सोडून, त्यांच्याच शब्दांत उतरून घेतो. एका रविवारी एक पान, अधिक नाही. पहिल्या दिवशी मी दुष्काळाविषयी विचारले तेव्हा त्यांना काही सांगता येईना. मग मी विचारले की हजेरी कशी घेत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “माझं नाव कागदावर पयल्यांदा तितंच आलं.”

मागच्या रविवारी पान संपले तेव्हा त्या सुकडी वाटपाच्या रांगेत उभ्या होत्या, कडेवर नणंदेचे पोर घेऊन. पुढे काय झाले ते मी विचारले नाही. ते येत्या रविवारी.